यंत्राचा सल्ला आणि शेतकऱ्याचा निर्णय
(मुळशी तालुक्यातील भात उत्पादक व ग्रामपातळीवरील कृषी कार्यकर्ते यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शेतीत निर्णय घेण्याचे काम कधी संपत नाही. रोप केव्हा टाकावे, लावणी केव्हा उरकावी, खताचा दुसरा हप्ता आज द्यावा की पाऊस ओसरेपर्यंत थांबावे, पानावर दिसणारा डाग रोगाचा की उपासमारीचा, कापलेले भात खाचरात वाळू द्यावे की लगोलग उचलावे, हे प्रश्न मुळशीच्या खोऱ्यात प्रत्येक घरी दरवर्षी पडतात. आजवर त्यांची उत्तरे वडीलधाऱ्यांचा अनुभव, शेजाऱ्याचा सल्ला, आकाशवाणीवरील सूचना आणि कृषी कार्यकर्त्याचे मार्गदर्शन यांतून मिळत असत. आता त्यांत एका नव्या सल्लागाराची भर पडली आहे. खिशातील मोबाईलवर पानाचे छायाचित्र घेतले की रोगाचे नाव सांगणारे, पावसाची शक्यता टक्क्यांत मांडणारे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नास मराठीत उत्तर देणारे यंत्र आज गावोगाव पोहोचत आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाकृषी-एआय’ धोरणास मान्यता दिली असून ते २०२९ पर्यंतच्या काळासाठी आहे. तेव्हा हा सल्लागार आता आपल्या बांधावर राहणार, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

अशा सल्लागाराशी कसे वागावे, त्याचे केव्हा ऐकावे, केव्हा त्यास थांबवावे आणि अखेरचा निर्णय कोणी घ्यावा, एवढाच या पाठाचा विषय आहे.

एक चूक

आरंभी प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे इष्ट होईल. श्रावणातील गोष्ट आहे. कोळवण खोऱ्यातील एका वयस्क शेतकऱ्याच्या खाचरात भात फुटव्यावर असताना पाने पिवळी पडू लागली. मी पानाचे छायाचित्र घेऊन यंत्रास विचारले. ‘नत्राची कमतरता’ असे उत्तर आले आणि त्याची खात्रीही मोठी दाखविली होती. मी युरिया देण्यास सांगितले. काका म्हणाले, “साहेब, पिवळेपणा खालच्या पानावर नाही, वरच्या पानावर आहे. शेंड्याकडून कडेकडेनं खाली उतरतोय. आणि बांधापलीकडच्या खाचराचं पाणी माझ्यात येतं, तिथं हे आधी दिसलं होतं.” मी मोबाईलचा पडदा त्यांच्यापुढे धरला आणि विषय संपविला.

आठ-दहा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा पानांच्या कडा वाळून पांढुरक्या झाल्या होत्या. रोग कडाकरपा होता. या रोगाचे जिवाणू पाण्याबरोबर आणि वाऱ्यापावसाबरोबर पसरतात. नत्र जास्त झाले तर रोग बळावतो. म्हणजे जे देऊ नये तेच मी द्यावयास लावले होते. खताचा खर्च काकांचा झाला आणि पिकाची तूटही त्यांच्याच पदरी पडली. ते रागावले नाहीत. “आता फोन काय म्हणतो?” एवढेच त्यांनी विचारले.

या प्रसंगी यंत्र चुकले हे खरे. परंतु मोठी चूक माझी होती. काकांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी शास्त्राला धरून होत्या. नत्र कमी पडले की पिवळेपणा प्रथम खालच्या जुन्या पानांवर दिसतो, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांस पुरविते. वरच्या पानाच्या कडेने उतरणारा पिवळेपणा वेगळी कथा सांगतो. साधी परीक्षाही हाताशी होती. रोगट पानाचा तुकडा कापून त्याचे कापलेले टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. कडाकरपा असेल तर थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधासारखा गढूळ स्राव पाण्यात उतरताना दिसतो. या परीक्षेस काही मिनिटे लागतात. मी ती केली नाही, कारण उत्तर आधीच हाती आले आहे असे मला वाटले.

यंत्र शिकते कसे

यंत्राच्या सल्ल्याचे मोल कळण्यासाठी ते कसे शिकते हे कळले पाहिजे. आपण बियाणे दोन रीतींनी निवडतो. मिठाच्या तीन टक्के द्रावणात भात टाकले की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. हा ठरीव नियम होय. तो कोणालाही सांगता येतो आणि सर्वत्र सारखाच लागू पडतो. दुसरी रीत म्हणजे घरातील जाणती बाई सुपात दाणे घेऊन भेसळ निवडते ती. तिला नियम विचारला तर सांगता येणार नाही. हजारो दाणे पाहून तिची नजर तयार झालेली असते.

आजचे यंत्र या दुसऱ्या रीतीने शिकते. त्यास हजारो छायाचित्रे दाखवितात आणि प्रत्येकाबरोबर ‘हा करपा’, ‘हे निरोगी’ असे नाव सांगतात. त्यांतील साम्यभेद शोधून ते नव्या चित्रास सर्वांत जवळचे नाव देते. यास यंत्रशिक्षण म्हणतात. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, जे त्यास दाखविलेले नाही ते त्यास ठाऊक नसते. दुसरी अशी की, ठाऊक नसले तरी ते बहुधा गप्प बसत नाही. माहीत असलेल्या नावांपैकी एक सांगून मोकळे होते.

याचे बोलके उदाहरण २०१६ साली प्रसिद्ध झाले. शारदा मोहंती, डेव्हिड ह्यूज व मार्सेल सलाथे या संशोधकांनी १४ पिके व २६ रोग यांची ५४,३०६ छायाचित्रे वापरून यंत्रास शिकविले. त्याच संग्रहातील, परंतु यंत्राने पूर्वी न पाहिलेली चित्रे दिली तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर आली. मात्र अन्य ठिकाणांहून, वेगळ्या परिस्थितीत घेतलेली छायाचित्रे दिली तेव्हा हेच प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. पहिल्या संग्रहात एकेक पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून चित्र घेतले होते. शेतात मात्र पानावर सावली असते, चिखल असतो, मागे दुसरी पाने असतात. लक्षात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे त्या १४ पिकांत भात नव्हते. संशोधकांनी ही मर्यादा स्वतःच उघडपणे मांडली, हे त्यांस भूषणावह आहे. तेव्हा कोणी ‘आमचे यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असते’ असे म्हटले, तर कोणत्या पिकावर, कोणत्या प्रदेशात आणि कोणाच्या शेतात, हे आपण विचारलेच पाहिजे.

मुळशीचे वेगळेपण

हा प्रश्न आपल्या तालुक्यात अधिकच महत्त्वाचा ठरतो. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर, लवासा येथे सुमारे ४५३ मिलिमीटर आणि पुण्यात शिवाजीनगर येथे ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ही तिन्ही ठिकाणे मोटारीने दोन-अडीच तासांच्या टापूत येतात. जिल्ह्यासाठी एकच अंदाज आणि एकच सल्ला दिला, तर पिरंगुटच्या शेतकऱ्यास तो उपयोगी पडेल आणि घाटमाथ्याच्या शेतकऱ्याचे खत ओहोळास मिळेल.

पिकांचेही तसेच आहे. आंबेमोहोर उंच वाढणारा आणि वाऱ्यात लोळणारा. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला सुधारित वाण. त्याची खताची भूक निराळी. तिसरा कोणी संकरित वाण लावतो. यंत्राने जे भात पाहिले असेल ते पंजाबचे की आंध्रचे, यावर त्याच्या सल्ल्याची योग्यता अवलंबून राहील. यास्तव यंत्रास प्रश्न विचारताना वाण, लावणीची तारीख, दिलेले खत, खाचर उंचवट्यावर आहे की सखलात, हे सर्व सांगावे. एवढे सांगूनही उत्तरात काही फरक पडत नसेल, तर ते उत्तर आपल्या शेतापुरते नाही असे समजावे.

माणसाची नजरही चुकते

येथवर वाचून, ‘मग यंत्र नकोच’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. माणसाच्या नजरेचेही दोष आहेत आणि ते आपल्या खात्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. पीक कापणी प्रयोगात कापणीची जागा आपण डोळ्यांनी निवडीत नाही. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ती ठरते. कारण उघड आहे. डोळ्यांनी निवडू गेले तर हात आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या पद्धतीचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. कापणीची चौकट फार लहान घेतली तर कडेवरची झाडे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगलेले दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे एखादा निर्णय माणसाच्या मर्जीवर न सोडता नियमाच्या स्वाधीन करणे कधी कधी अधिक न्यायाचे असते. आपण हे अनेक दशके करीत आलो आहोत.

कोठे लक्ष द्यावे हे ठरविण्यातही यंत्र साहाय्य करू शकते. मुंबईतील ‘अरमान’ ही संस्था गरोदर व नवप्रसूत मातांना दूरध्वनीवरून आरोग्याचे ध्वनिसंदेश पाठविते. काही माता हळूहळू ते ऐकणे सोडून देतात. प्रत्येकीस कार्यकर्तीने स्वतः फोन करणे शक्य नसते. तेव्हा या आठवड्यात कोणास फोन करावा, हे सुचविणारी पद्धत प्रा. मिलिंद तांबे व त्यांचे सहकारी यांनी तयार केली. २३,००३ मातांचे तीन गट करून तिची परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने सुचविलेल्या मातांना फोन केलेल्या गटात ऐकण्यातील घसरण अन्य गटांच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. येथे कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. यंत्राने नावे सुचविली. फोन बाईने केला आणि बोलणे, ऐकणे व धीर देणे तिनेच केले. ज्या कार्यकर्त्याकडे अनेक गावे आहेत आणि दिवस मात्र एकच आहे, त्यास या उदाहरणातून पुष्कळ शिकता येईल.

आपल्या राज्यात २००९-१० पासून चालू झालेला ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प याच विचारावर उभा राहिला. निरीक्षक शेतात जाऊन किडी मोजतो, आकडे एकत्र होतात, तज्ज्ञ सल्ला देतात. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी वाधवानी संस्थेने केलेल्या साधनात कामगंध सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र घेतले की यंत्र पतंग मोजते. परंतु सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आढळले तर उपाय योजावा, हा नियम कीटकशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून आलेला आहे. मोजणी यंत्राची, मर्यादा शास्त्राची, आणि फवारणी करावयाची की नाही हा निर्णय शेतकऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

चार वाटा

यंत्राशी माणूस कसा वागतो, याचा अभ्यास जगात अनेक वर्षे चालू आहे. राजा परशुरामन व व्हिक्टर रायली यांनी १९९७ साली या वागण्याचे चार प्रकार सांगितले. आपल्या भाषेत ते असे मांडता येतील.

१. योग्य उपयोग : यंत्र कशात चांगले आहे हे ओळखून तेवढ्यापुरते त्यास वापरणे.

२. अतिविश्वास : आपले डोळे मिटून त्याचे ऐकणे. माझी चूक या प्रकारची होती.

३. अव्हेर : एकदा चुकले म्हणून त्यास कायमचे दूर सारणे. बर्कली डीटफोर्स्ट, जोसेफ सिमन्स व केड मॅसी यांच्या २०१५ सालच्या प्रयोगांत असे दिसले की, यंत्राची चूक डोळ्यांनी पाहिली की लोक त्यावरील विश्वास चटकन गमावतात; माणसाने तशीच किंवा अधिक मोठी चूक केली तरी त्यास मात्र सांभाळून घेतात. पुढे त्याच संशोधकांना असेही आढळले की, यंत्राच्या उत्तरात स्वतः थोडीशी दुरुस्ती करण्याची मोकळीक दिली, तर लोक ते वापरण्यास अधिक राजी होतात.

४. लादणे : ज्यास वापरावयाचे आहे त्याचा विचार न घेता वरून यंत्र आणून बसविणे. हा दोष शेतकऱ्याचा नव्हे, तो आम्हा अधिकाऱ्यांचा आणि यंत्र करणाऱ्यांचा. किती मोबाईलवर साधन उतरविले याचा आकडा म्हणजे कार्य नव्हे. मुळशी तालुक्यास दुसऱ्या कोणी आपल्याविषयी घेतलेल्या निर्णयाची आठवण नवी नाही. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपली जमीन आपणास न विचारता जाते म्हणून.

अतिविश्वासास आळा कसा घालावा, याचेही उत्तर शोधण्यात आले आहे. यंत्राने आपल्या उत्तराची कारणे सांगितली म्हणजे माणूस सावध होईल, असे पूर्वी वाटत असे. परंतु २०२१ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, कारणे दिल्यावर लोक उत्तर अधिक मान्य करतात, मग ते बरोबर असो वा चूक. नीट सजविलेले कारण हे खरे कारण असेलच असे नाही. त्याच वर्षी झाना बुचिंचा व सहकारी यांच्या प्रयोगात दुसरा उपाय अधिक गुणकारी ठरला : यंत्राचे उत्तर लगेच न दाखविता माणसास प्रथम स्वतः विचार करावयास लावणे. लोकांना हा उपाय फारसा आवडला नाही, कारण त्यात कष्ट आहेत. तथापि चुकीच्या सल्ल्यास बळी पडणे त्याने कमी झाले.

टक्केवारीचा अर्थ

यंत्र बहुधा टक्क्यांत बोलते. त्या टक्क्यांचा अर्थ नीट लावला नाही तर घात होतो. दोन उदाहरणे घेऊ. त्यांतील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत.

पहिले उदाहरण. समजा, खोऱ्यात एक हजार खाचरे आहेत आणि त्यांपैकी ५० खाचरांत खरोखर कडाकरपा आहे. यंत्र रोगट खाचर शंभरात ९० वेळा बरोबर ओळखते आणि निरोगी खाचरास शंभरात १० वेळा चुकून रोगट म्हणते. तेव्हा ५० रोगट खाचरांपैकी ४५ खाचरे ते दाखवील. उरलेल्या ९५० निरोगी खाचरांपैकी ९५ खाचरेही ते रोगट म्हणून दाखवील. एकूण १४० खाचरांवर रोगाचा शिक्का बसेल आणि त्यांत खरी रोगट फक्त ४५ असतील, म्हणजे तीनांत एक. यंत्र ‘नव्वद टक्के बरोबर’ असूनही तीनांपैकी दोघे शेतकरी उगीचच खर्चात पडतील. यास्तव जो रोग गावात अजून विरळा आहे त्याचे नाव यंत्राने घेतले तर दुसरी परीक्षा केल्यावाचून औषधावर पैसा घालू नये. गावात रोग पसरलेला असेल तेव्हा मात्र त्याच उत्तराचे वजन वाढते.

दुसरे उदाहरण कापणीचे. भात कापून खाचरात वाळत आहे. पावसाची शक्यता २० टक्के सांगितली आहे. ‘वीसच टक्के, पाऊस येणार नाही’ असे म्हणून स्वस्थ बसावे काय? भात उचलून झाकण्यास मजुरीसह ३०० रुपये लागतात आणि भिजले तर ३,००० रुपयांचे नुकसान होते असे धरू. तीन हजारांचे वीस टक्के म्हणजे ६०० रुपये. ही जोखीम ३०० रुपयांच्या खर्चाहून मोठी आहे. तेव्हा झाकणे शहाणपणाचे. हिशेब उलट केला तर असे दिसेल की, या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक शक्यता असली की झाकावे. याच वीस टक्क्यांवर दुसरा शेतकरी फवारणी करील, कारण ती वाया गेल्यास त्याचे नुकसान थोडे असेल. शक्यता यंत्र सांगते. परंतु कोणाचे किती नुकसान होईल आणि ते सोसण्याची ऐपत कोणास किती आहे, हे यंत्रास ठाऊक नसते. ते शेतकऱ्यास ठाऊक असते. म्हणून निर्णय त्याचा.

२०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचा, नव्या यंत्रपद्धतीने तयार केलेला अंदाज मोबाईलवर पाठविला. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला आणि नंतर त्याची पुढील वाटचाल काही काळ अडली. हा खंड पडणार असल्याची सूचना त्या अंदाजात होती. पहिल्या सरीवर रोप टाकण्याची घाई करावी की नाही, हे ठरविण्यास अशी सूचना मोलाची असते. परंतु तीही शक्यताच होय, वचन नव्हे.

कामाची रीत

वरील विवेचनावरून ग्रामकार्यकर्ते व शेतकरी यांनी पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम खाचरात उतरावे. किमान पाच ठिकाणचे चूड पाहावेत. खालची पाने, वरची पाने, खोड व मूळ तपासावे.

२. शेतकऱ्यास विचारावे : कधीपासून दिसते, कोठून सुरू झाले, पाणी कोठून येते, खत केव्हा दिले.

३. स्वतःचे निदान वहीत लिहावे. हे मोबाईल बाहेर काढण्यापूर्वी करावे.

४. मग यंत्रास विचारावे. छायाचित्र स्वच्छ उजेडात, एकाहून अधिक पानांचे घ्यावे.

५. दोन्ही उत्तरे जुळली तर साधी खूण-परीक्षा करून पुढे जावे. न जुळल्यास थांबावे. कडाकरप्यासाठी पाण्याच्या पेल्याची परीक्षा. खोडकिड्यासाठी गाभेमर ओढून पाहणे आणि पाच टक्के गाभेमर किंवा दर चौरस मीटरला एक अंडीपुंज ही मर्यादा गाठली आहे काय, हे मोजणे. तरीही शंका राहिल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे पाठवावा.

६. चुकल्यास भरून न येणारे काम, जसे औषधाची फवारणी, जादा खत किंवा उभे पीक मोडणे, केवळ यंत्राच्या सांगण्यावरून करू नये. खाचरातील पाणी रोगट खाचरातून निरोगी खाचरात जाऊ न देणे, युरियाचा हप्ता चार दिवस लांबविणे, असली कामे स्वस्त आणि परतविता येणारी आहेत. ती शंकेवरही करावीत.

७. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन काय झाले ते त्याच ओळीत लिहावे.

या नोंदीसाठी एक ‘सल्लावही’ ठेवावी. तीत तारीख, वाण, आपले निदान, यंत्राचे उत्तर, घेतलेला निर्णय आणि अखेर निघालेले सत्य, असे सहा रकाने असावेत. हंगामाअखेर तीस-चाळीस ओळी झाल्या की मोजावे : करप्याच्या बाबतीत यंत्र किती वेळा बरोबर, आपण किती वेळा, शेतकरी किती वेळा. अशी वही ज्या गावात असेल त्या गावास यंत्रावर आंधळा विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही आणि भीती बाळगण्याचीही नाही. यंत्राचे उत्तर चूक निघाले तर ते साधन पुरविणाऱ्यांस नोंदीसह कळवावे. मुळशीच्या भाताची खरी चित्रे व खरी नावे त्यांना मिळाली, तरच ते पुढे मुळशीचे भात ओळखावयास शिकेल.

कार्यकर्त्यांनी एक पथ्य आवर्जून पाळावे. ‘यंत्राने सांगितले’ हे कारण शेतकऱ्यापुढे देऊ नये. सल्ला आपल्या तोंडून गेला की तो आपला. कोणत्या खुणांवरून तो देत आहोत हे शेतकऱ्यास दाखवून द्यावे आणि ‘तुम्हांला काय वाटते?’ हे विचारून त्याचे उत्तर वहीत लिहावे.

स्वाध्याय

१. आपल्या गावी गेल्या हंगामात यंत्राचा सल्ला कोणकोणत्या कामासाठी घेतला गेला? प्रत्येक सल्ला वरील चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो?

२. एक हजार खाचरांपैकी ५०० खाचरांत रोग असता तर वरील उदाहरणातील यंत्राचे किती शिक्के खरे ठरले असते? हिशेब करा आणि पहिल्या उत्तराशी ताडून पाहा.

३. झाकण्याचा खर्च ५०० रुपये व भिजल्यास नुकसान २,००० रुपये असेल, तर पावसाची शक्यता किती टक्क्यांच्या वर गेली असता भात झाकावे?

४. नत्राची कमतरता आणि कडाकरपा यांतील तीन फरक शेतात प्रत्यक्ष दाखवा.

माझ्या सल्लावहीची पहिली ओळ त्या काकांच्या खाचराची आहे. आपले निदान या रकान्यात मला काहीच लिहिता आले नाही, कारण मी ते केलेच नव्हते. त्या ओळीखाली मी सातवा रकाना आखला आहे : ‘शेतकऱ्याचे म्हणणे’. वाचकांनीही आपल्या वहीत तो आरंभापासून ठेवावा, अशी विनंती आहे.